वाडीचा राखणदार

माझी सून हल्ली घरी सेंद्रिय भाजी आणते. पुठ्ठ्याचं खोकं, वर हिरवी चिठ्ठी, चिठ्ठीवर ती भाजी पिकवणाऱ्या कुटुंबाचा फोटो. नवरा, बायको, दोन मुलं आणि कुत्रा, सगळे वांग्यांच्या ओळीत उभे आणि सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र. आमचंही असंच भाजी पिकवणारं कुटुंब होतं असं मी तिला सांगते, तेव्हा ती फार कौतुकाने ऐकते. मग मी खताचा विषय काढते आणि तिला गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण होते.

आमची वाडी डिलाईल रोडला होती, आमच्या चाळीच्या मागे. चाळीची पाठ आणि गिरणीची दगडी भिंत यांच्यामध्ये एक लांबोडकी पट्टी उरली होती. पूर्वी तिथे घोड्यांचा तबेला होता म्हणत. घोडे गेले, लीद मातीत राहिली. जागा कोणाची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गिरणीवाले म्हणत म्युनिसिपालिटीची, म्युनिसिपालिटीचा माणूस म्हणे चाळमालकाची, आणि आमचा चाळमालक तर गळकं छप्परही आपलं आहे हे कबूल करत नसे, तो ही पट्टी कुठून कबूल करणार. त्यामुळे चाळीतली सगळी माणसं त्या जागेवर निर्धास्तपणे कचरा टाकत.

आई मालवणकडची. लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा कितीतरी दिवस ती कोणाशी बोललीच नाही. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. ते कामावर गेले की ही मागच्या गॅलरीत उभी राहून खालच्या उकिरड्याकडे बघत बसायची. बाबांना वाटलं, बाई खुळावते की काय. मग एक दिवस ती पदर खोचून खाली उतरली आणि संध्याकाळी वर आली ती कोपरापर्यंत माती आणि तोंड सुरू. काचा किती निघाल्या, माती कशी काळी आहे, माठाचं बी कुठे टाकायचं, दुधीचा मांडव कुठे घालायचा. ते तोंड पुढे कधी बंद झालं नाही. बाबा म्हणायचे, वाडीने माझी बायको मला परत दिली, पण जरा जास्तच दिली.

हे सगळं मला बाबांनी सांगितलेलं. मला कळायला लागलं तेव्हा वाडी चांगली भरात होती. लाल माठ, मुळा, भेंडी, मिरची, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, आणि मधोमध दुधी-पडवळाचा बुटका मांडव. चाळीतल्या बायका आमच्याकडून भाजी घेत. माझ्या शाळेतल्या बाई दादरला राहत, कांदा-लसूणही खात नसत, त्या माझ्याबरोबर माठाच्या जुड्या मागवून घेत. तुमच्या भाजीत काहीतरी सात्त्विक आहे, असं त्या नेहमी म्हणत. आईने मला बजावून ठेवलं होतं की बाई काय म्हणतील त्याला मान हलवायची आणि खताबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

कारण ते खत म्हणजे मासळी होती. शेण होतं, चुलीची राख होती, पण जीव होता तो मासळीत. गावाकडे बाबांच्या वडिलांनी माडांना हेच घातलेलं. वरळीची एक कोळीण उरलीसुरली, फुटकी तारली आम्हाला टोपलीने देई. बाबा ती मातीच्या थरांत पिंपात घालून कुजवत. मालवणी माणसाला मासळीचा वास हा वास वाटत नाही, आमंत्रण वाटतं. पण त्या पिंपाचं झाकण उघडलं की आमची अख्खी मालवणी चाळ खिडक्या लावून घेई. दुसऱ्या दिवशी आई दारोदार एकेक जुडी फुकट वाटायची आणि खिडक्या पुन्हा उघडायच्या. एकदा कोणीतरी बाबांना पांढऱ्या सरकारी खताची पुडी आणून दिली होती. बाबांनी ती नाकाशी धरली. वास येत नाही म्हटल्यावर त्यांनी ती नापास केली.

आता राखणदाराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे कोणतीही जमीन बिनमालकाची नसते. कागदावर मालक कोणी का असेना, हद्दीवर एक राखणदार असतो आणि वर्षातून एकदा त्याला राखण द्यावी लागते. कोंबडा, नारळ, विडी आणि चार थेंब दारू. नाही दिली तर तो रुसतो. आई वाडीत उतरली तसा बाबांना पहिला घोर लागला तो हाच. या जागेचा राखणदार कोण? शोधता शोधता त्यांना भिंतीच्या कोपऱ्यात, घाणेरीच्या झुडपाखाली एक उभा दगड सापडला. हद्दीवरचा दगड म्हणजे राखणदारच, यात बाबांना शंका नव्हती. दगडावर इंग्रजी ‘एम’ कोरलेला होता. मी शाळेत इंग्रजी शिकायला लागले तेव्हा तो मी वाचून दाखवला. म्युनिसिपालिटीचा एम की मिलचा, एवढाच काय तो प्रश्न होता. बाबांनी शांतपणे सांगितलं की तो म्हाराजाचा आहे.

तर त्या एम म्हाराजाला आम्ही दर वर्षी राखण द्यायचो. दारूबंदीचे दिवस होते, पण बंदी करताना सरकारने राखणदाराला विचारलं नव्हतं. बाबा कुठून तरी बाटलीच्या तळाशी थोडी मिळवत. कुठून, ते आईलाही सांगत नसत. मग हात जोडून गाऱ्हाणं घालत, “बा म्हाराजा, तू जो कोण असशीत तो, ह्या वाडीची राखण कर, काय चुकला-माकला तर पदरात घे.” प्रत्येक वाक्यामागे मी आणि आई म्हणायचो, “व्हय म्हाराजा.” शेंदूर नाही, घंटा नाही. दगडाला चार थेंब, बाबांना उरलेली, आणि कोंबड्याचा रस्सा आम्हा सगळ्यांना. इतका सुटसुटीत देव मी पुढे पाहिला नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. आमच्या भागात त्या दिवसांत घराघरात एकच बोलणं. मुंबई आमची की नाही. भिंतीभिंतीवर लिहिलेलं, पोरांच्या तोंडात, बायकांच्या ओव्यांत. बाबाही मोर्च्यांना जायचे आणि घसा बसवून यायचे. पण ज्या दुपारची ही गोष्ट, त्या दुपारी ते गेले नव्हते. हरताळामुळे गिरणी बंद होती, आणि पिंपातलं खत नेमकं तयार झालं होतं. मुंबई एक दिवस थांबेल, खत थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आई आणि ते मांडवाभोवती खत पसरत होते. मी नाकाला फडकं बांधून पाटी धरली होती.

तेवढ्यात नाक्याकडून आरडाओरडा आला, अश्रुधुराची नळकांडी फुटल्याचे आवाज आले, आणि चार-पाच पोरं गिरणीच्या भिंतीवरून आमच्या वाडीत धपाधप पडली. त्यांत पलीकडच्या चाळीतला एक होता. कॉलेजात जाणारा, नाक्यावर भाषणं करणारा. सगळे त्याला पुढारी म्हणत आणि तो ते मनावर घेई. आईने मांडवाखाली बोट दाखवलं. पोरं दुधीच्या वेलाखाली ताज्या खतात पालथी पडली.

मागोमाग एक इन्स्पेक्टर आणि एक शिपाई आले. इन्स्पेक्टर वाडीच्या तोंडाशी आला आणि त्याने रुमाल काढला. इथे कोणी आलं का, असं त्याने रुमालातून विचारलं. आई खताने बरबटलेले हात पुढे करून म्हणाली, “येवा सायबानू, बघून घेवा. फक्त बूट सांभाळा.” तो दोन पावलं आत आला. बूट घोट्यापर्यंत रुतला. त्याने बुटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी अजून विसरले नाही. तो जवळजवळ पळतच बाहेर गेला. शिपाई मात्र आमच्याच बाजूचा असावा. कोपऱ्यातल्या दगडासमोर नारळाची करवंटी आणि जळकी विडी बघून तो क्षणभर थबकला, टोपीला हात लावून त्याने नमस्कार केला आणि साहेबामागे निघून गेला.

मांडवाखाली पोरांची तोंडं दगडाच्या बाजूला होती, बूट त्यांना दिसले नव्हते. त्यांना दिसला तो नमस्कार.

बाहेर आल्यावर पुढाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की काका, हा देव कुठला. आई म्हणाली, देवाबिवाचं काही नाही, ते वासाने पळाले. पण पोरं तेव्हा जीव वाचल्याच्या आनंदात होती आणि वासाने वाचलो असं पुढे कोणाला सांगणार? बाबांनी राखणदाराची सगळी हकिगत सांगितली. त्यांना खरं माहीत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेजातली पोरं त्यांचं ऐकत उभी होती, तीही खताने माखलेली. त्या रात्री पुढाऱ्याच्या आईने त्याला अर्धी साबणाची वडी संपेपर्यंत घासला, असं ऐकलं.

सकाळी दगडाला शेंदूर होता.

आठवड्याभरात झेंडूची माळ आली, पाठोपाठ भगवा झेंडा, मग पत्र्याचं छप्पर. आंदोलनाला पावलेला देव म्हणून नाव झालं. लालबाग-परळहून माणसं यायला लागली. मोर्चा निघण्याआधी पोरं येऊन नारळ फोडायची. आईला पहिल्यांदा बरंच वाटलं, कारण आलेली माणसं जाताना भाजी नेत. आईची एक मैत्रीण होती, शेजारच्या चाळीत राहणारी, वाडीत खुरपायला यायची. त्यांच्या घराने त्याच सुमारास बौद्ध धम्म घेतला. ती एकदा शेंदराकडे बघून आईला म्हणाली, “आम्ही आत्ताच एवढे देव परत केले, आणि तू नवा काढून बसलीस होय गं? शेंदूर लागला की दगड आपला राहत नाही, बघ.” आई हसली. राखणदार कुठे जातोय, म्हणाली.

पण दगड जागेवर राहिला आणि बाकी सगळं सरकायला लागलं. दर्शनाच्या रांगेने मेथीचा वाफा तुडवला. मग मुळ्याच्या वाफ्यावर फरशी पडली, कारण भक्तांचे पाय चिखलात जात. पुढाऱ्याने मंडळ काढलं आणि तो अध्यक्ष झाला. राखणेच्या दिवशी बाबा कोंबडा घेऊन खाली गेले तर मंडळाची माणसं कावरीबावरी झाली. आता हे जागृत देवस्थान आहे काका, पुढारी म्हणाला, इथे हे बरं दिसत नाही. राखणदाराला त्या वर्षी पेढे मिळाले. बाबा कोंबडा काखेत धरून परत आले. उपाशी मारतील त्याला, एवढंच ते जिना चढताना म्हणाले. कोंबडा आम्ही खाल्ला, पण कोणालाच गोड लागला नाही.

कोंबड्यानंतर वासाची पाळी आली. ते ठरलेलंच होतं. चाळीच्या अंगणात बैठक बसली, मंडळ एका बाजूला, आम्ही एका बाजूला. पुढारी फार चांगला बोलला. त्या पोराला बोलता येत होतंच. देवाच्या दारात ही घाण, बाहेरगावची माणसं येतात, काय म्हणतील. ज्या घाणीत तो दुपारभर नाक खुपसून पडला होता, तिच्याबद्दल इतक्या तिऱ्हाईतासारखं बोलणं मला तरी जमलं नसतं. शेवटी तो आईकडे वळून म्हणाला, “काकू, आता मुंबई आपली होणार. तुम्ही एवढी पट्टी सोडणार नाही?”

आई उभी राहिली. “मुंबई तुमची जावंदे, बाबा. वाडी माझी आसा.”

त्याने अगदी अदबीने विचारलं, काही कागद आहे का. कागद आईकडे नव्हता. कागद देवाकडेही नव्हता, पण देवाला कोणी विचारला नाही. बाबांकडे आईने बघितलं. त्यांना मंडळाने आदल्याच दिवशी पहिला मानकरी केलं होतं, दर वर्षी पहिला नारळ त्यांचा. ते खाली बघत राहिले. मला त्यांचा त्या वेळी भयंकर राग आला. अजूनही थोडा येतो.

आईने कच्ची-पक्की सगळी भाजी उपटली आणि चाळभर वाटून टाकली. बोटाएवढी भेंडी, कोवळे दुधी, मुळासकट माठ. मंडळाच्या दोन माणसांनी पिंप गडगडवत नेलं. वाडीवर फरशी बसली आणि आई गप्प झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती काम करायची, वाढायची, माझी वेणी घालायची आणि मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहायची. लग्नानंतर होती तशीच, बाबा मला म्हणाले. त्यांनी वाडीबरोबर काय घालवलं ते त्यांना कळलं होतं, पण फरशी उखडून बायको परत मिळवायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

राज्य मिळालं त्या दिवशी मंडळाने देवळाचा कळस बसवला. गिरणगाव नुसता फुलला होता. गुलाल, पताका, ताशे. कर्णा लावला होता. मानकरी म्हणून बाबांनी गाऱ्हाणं घालायचं आणि जमावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असं ठरलं. पुढाऱ्याने बाबांच्या तोंडासमोर माइक धरला. बाबांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांनी मागे वळून आईला शोधलं. ती जिन्याच्या पायरीवर माझ्याबरोबर बसली होती.

“बा म्हाराजा,” बाबांनी सुरुवात केली, “आमी तुका हय बसवलो तो वाडीची राखण करूक.”

“व्हय म्हाराजा!” अख्खी गल्ली ओरडली.

“आता वाडी नाय रवली.”

“व्हय म्हाराजा!”

“ज्या खतात लपान वाचले, तेकाच घाण म्हणान भायर काढल्यानी.”

“व्हय म्हाराजा!” पुढाऱ्याचा आवाज सगळ्यांत वर. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, राज्य मिळाल्याचं.

“तुका आता कोंबो नाय, सोरो नाय. मगे हय रवान तू राखण कसली करतलंस, ता तूच सांग.”

“व्हय म्हाराजा!” आणि ताशे सुरू झाले. त्या दणदणाटात काय बोललं गेलं हे जमावातल्या एकाने तरी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

माझ्या शेजारी आईच्या खांद्याला हिसके बसत होते. मला वाटलं रडते. तर ती पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता मग रडलीही, पण आधी हसली. बाबा गर्दीतून गुलालाने माखून आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. ती त्यांच्या धोतरावरचा गुलाल झटकत राहिली.

राखणेचा दिवस आला तो पुढे पावसाच्या तोंडावर. बाबांनी विषय काढला नाही. आईने सकाळी तारली आणली, त्यांतली चांगली तीन-चार तळली आणि केळीच्या पानात बांधली. दुपारी मंडळाने नेमलेला पुजारी जेवायला गेला तशी ती खाली उतरली. देवळाच्या मागे, भिंतीच्या सांदीत, दगडाच्या पाठीशी जिथे कोणाची नजर जात नाही तिथे तिने पान ठेवलं आणि त्यावर बाबांनी कुठूनशी आणलेल्या बाटलीतले चार थेंब टाकले. बाबांनी बाटली दिली होती, पण त्यांना राहवलं नाही. तुझी वाडी गिळली त्याने, आणि तू त्यालाच खायला घालतेस, असं ते म्हणाले.

“वाडी गेली म्हणान तेका उपाशी ठेवचा?” आई म्हणाली. “आपल्यासारखोच हय येवन अडाकलो तो.”

दोन दिवसांनी मंडळाची माणसं नाकाला रुमाल लावून देवळाभोवती हिंडायला लागली. पुढारी फरशीवर ओणवा होऊन कोपरे हुंगत होता. कोणी म्हणालं घूस मेली, कोणी म्हणालं गटार तुंबलं. पाण्याच्या बादल्या ओतल्या, फिनेल आणलं. वास हलेना. आई मागच्या गॅलरीत कठड्याला रेलून उभी होती. तिने मला हाक मारून जवळ घेतलं, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

“आता कसा वाडीसारखा वाटता,” ती म्हणाली. आणि मग माठ कुठे होता, मांडव कुठे होता, पहिल्या दिवशी काचा किती निघाल्या होत्या, हे सगळं तिने मला बोट दाखवून सांगायला सुरुवात केली. बाबा कामावरून आले तरी ती बोलतच होती.